दिवे लावून वर या

"यंत्राच्या आवाजावर जाऊ नकोस. उठून बघत जा," आई म्हणाली, आणि मी तिला चक्क हसले.

रेवा तेव्हा पाच महिन्यांची होती. तिच्या पाळण्याला मी एक छोटं यंत्र अडकवलं होतं आणि त्याचा जोडीदार माझ्या ओढणीला. तिचा श्वास, उचकी, झोपेतली कुरकुर, सगळं मला पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांत कुठेही ऐकू यायचं. तरी मी दर थोड्या वेळानं जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायचे, ते वेगळं. पण आईसमोर हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

"अगं, स्वच्छ ऐकू येतंय. हे बघ, हुंकार देतेय. मजेत आहे."

"तुझा दादाही हुंकार देत होता," आई म्हणाली. ती रेवाची दुपटी घड्या घालून ठेवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "मी भाकऱ्या थापत होते. आतून आवाज येतोय, गडी खुशीत आहे, म्हटलं शेवटची भाकरी उरकून घेऊ. जाऊन हात लावला तर अंग तव्यासारखं. डोळे वर गेलेले. आणि तोंडानं हुंकार चालूच."

"पस्तीस वर्षं झाली त्याला."

"तो वाचला, म्हणून सांगतेय. वाचला नसता तर बोलले असते का?"

मी यंत्राचा आवाज थोडा वाढवला आणि विषय संपवला. मी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई. सिग्नल स्वच्छ असला की त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हे माझं शिक्षण होतं.

तेवढ्यात फोन वाजला. केळुसकर सर. आमच्या संस्थेतल्या गटाचे प्रमुख आणि माझे पीएच.डी.पासूनचे गाईड.

"वृंदा, थरथर आली. सकाळीच. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळलेत. जपानच्या बाजूच्या एका दुर्बिणीनं जागाही सांगितली आहे, आणि लगेच त्यांच्यावर ढग आलेत. युरोपभर पाऊस. ये ताबडतोब."

"सर, मी रजेवर आहे."

"ताऱ्यांना कळवलं होतंस का?"

"तुम्हाला कळवलं होतं."

"निळा कॅमेरा तुझ्याशिवाय कुणाला हाताळता येत नाही. तूच बसवलास, तूच बघ."

"मग रेवा आणि आई बरोबर येतील."

"कंट्रोल रूममध्ये बाळ? नाही चालणार."

"मग मीही नाही चालणार, सर."

मग ते म्हणाले, "बाहेर बाक आहे. पण दार बंद राहील."

रिक्षात आईनं विचारलं, "एवढं काय झालंय?" रेवा तिच्या मांडीवर, तोंडात स्वतःची मूठ. मी सांगत गेले, तेच इथेही सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

न्यूट्रॉन तारा म्हणजे जळून संपलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा. वजनाला सूर्याहून जड, आकारानं पुण्याएवढा. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि आदळतात, तेव्हा अवकाशालाच थरथर सुटते. ती कोट्यवधी वर्षांनी आपल्यापर्यंत पोचते. थरथर किती जोराची, त्यावरून ते किती दूर हे काढता येतं. ते ज्या दीर्घिकेत आहेत ती आपल्यापासून किती वेगानं लांब चालली आहे, हे तिच्या प्रकाशावरून कळतं. वेगाला अंतरानं भागलं की विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय, तो आकडा हातात येतो. या आकड्यावरून जगात दोन गट पडलेले. एक गट म्हणतो थोडा जास्त, दुसरा म्हणतो थोडा कमी. वर्षानुवर्षं कुणी मागे हटायला तयार नाही.

"मग थरथर आलीच आहे ना? भागा की," आई म्हणाली.

"तिथेच घोळ आहे. ती जोडी आपल्याकडे तोंड करून फिरत असेल, तर थरथर जोरात पोचते. मान वळवून फिरत असेल, तर हळू. म्हणजे हळू आवाज आला, तर ती लांब आहे की जवळ असून तोंड फिरवून बसलीय, हे नुसतं ऐकून सांगता येत नाही. त्यासाठी उजेड बघावा लागतो. समोरून बघितलं तर पहिल्या दिवशी निळा उजेड भरपूर दिसतो. कडेनं बघितलं तर निळा कमी, तांबडाच जास्त. आणि निळा एका दिवसात विझतो. उद्या बघून उपयोग नाही."

आईनं रेवाची मूठ तोंडातून काढली. "म्हणजे मी मघाशी तेच सांगत होते," ती म्हणाली.

मी बाहेर बघितलं. रिक्षा सिग्नलला थांबली होती.

आमची दुर्बीण लडाखमध्ये, एका उघड्याबोडक्या डोंगराच्या माथ्यावर. आम्ही ती पुण्यातून चालवतो. पण घुमट, फिल्टर, यंत्रांची निगा यासाठी वर माणूस लागतोच. त्या हिवाळ्यात वर सुदाम वाकळे होते. मूळचे जामखेडचे, पन्नाशीचे, आणि बारा वर्षं त्याच डोंगरावर. मी त्यांना वाकळेकाका म्हणायचे. ते मला वृंदाताई. त्यांचा जोडीदार लेहला गेला आणि बर्फानं तिथेच अडकला, म्हणून ते एकटे. खाली दोन वळणांवर गेस्ट हाउस होतं; तिथे स्टँझिन नावाचा ड्रायव्हर आणि जीप.

आमच्या कामात एक नियम आहे. सांगितलेलं काम आधी परत म्हणायचं, आणि केल्यावर "झालं" म्हणायचं. आम्ही एकमेकांना दिसत नसतो. त्या एका "झालं"वर अख्खी दुर्बीण फिरते. वाकळेकाकांचं "झालं" बारा वर्षांत एकदाही खोटं निघालं नव्हतं.

"वृंदाताई! बाळ कसंय?" मी हेडफोन लावल्या लावल्या त्यांचा आवाज.

"बाहेर बसलंय, आजीबरोबर. तुमच्याकडे हवा कशी आहे?"

"दुपारपर्यंत बर्फ झोडपत होता. आता आभाळ धुऊन निघालंय. हिटर तेवढा गेला सकाळी. बुखारीची शेगडी पेटवलीय. खोली कशी झकास ऊबदार झालीय बघा."

बघणार काय? वरच्या खोलीतला कॅमेरा परवा साफसफाईत कुणाचा तरी हात लागून भिंतीकडे वळलेला. पडद्यावर फक्त एक कॅलेंडर आणि त्याखाली अडकवलेली एक टोपी दिसत होती.

ती दीर्घिका पश्चिमेला, डोंगरापासून फार वर नव्हती. अंधार पडल्यापासून ती डोंगराआड जाईपर्यंत जेमतेम एक तास. सरांना तो सगळा तास तांबड्या फिल्टरमध्ये हवा होता.

"तांबड्यात चमक जास्त येणार. सुबक मोजमाप मिळेल," ते म्हणाले.

"आणि ती आपल्याकडे तोंड करून आहे हे कशावरून?"

"ऐकू आली यावरून. तोंड आपल्याकडे असतं तेच जोरात ऐकू येतं, म्हणून सापडणाऱ्या बहुतेक जोड्या तशाच असतात. हे मी तुला पहिल्या वर्षी शिकवलंय."

"बहुतेक, सर. ही कशी आहे ते मला बघायचंय. आधी निळ्याच्या तीन फ्रेम, मग तुमचं तांबडं."

"एकदा अंतर धरलं की—"

"धरलेल्या अंतरावर विश्वाचा आकडा छापायचा? माझं नाव त्यावर नको."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले की पुसतात. "तीन. चौथी नाही."

ही माझी लढाई होती, हे लक्षात असू द्या. निळा उजेड मी भांडून मिळवला होता.

"काका, निळा फिल्टर आत."

"निळा आत." ते वर घुमटात गेले. त्या कॅमेऱ्याची मोटर थंडीत अडकायची, म्हणून फिल्टर हातानं सरकवावा लागे. परत येऊन, धापा टाकत: "झालं."

पहिली फ्रेम सुरू झाली. दहा मिनिटं शटर उघडं. तेवढ्यात काही करायचं नसतं. नुसतं बसायचं आणि वर कुणी दिवा लावू नये अशी आशा करायची. डोंगरावर अंधार पडल्यावर दिव्याला बंदी आहे. खिडक्यांना काळे पडदे. गाडीचे हेडलाइट तर अजिबात नाहीत; वरचा रस्ता पश्चिमेकडूनच चढतो आणि त्या हवेत एक दिवा लागला तरी अर्धं आभाळ पांढरं होतं.

"काल जावयाचा फोन आलेला," काका म्हणाले. "म्हणतो, मामा, वर काय करता एवढी वर्षं? म्हटलं, आभाळाची राखण. म्हणतो, चोरी कधी झाली का? म्हटलं, मी असल्यावर कोण येतंय!"

मी हसले. सरही हसले. बाहेर रेवा जराशी रडली आणि थांबली. मी कान दिला. थांबली म्हणजे आईनं घेतलं असणार.

फ्रेम आली. दीर्घिकेच्या कडेला तो ठिपका होता. निळ्यात अगदी फिका. सर पुढे झुकले, त्यांच्या श्वासाची वाफ पडद्यावर धरली.

"फिकाय," मी म्हणाले.

"एका फ्रेमवर काही ठरत नाही."

"म्हणूनच तीन."

दुसरी सुरू केली. "काका, दुसरी चालू."

"दुसरी चालू." मग थोड्या वेळानं, "काल जावयाचा फोन आलेला, वृंदाताई. म्हणतो, मामा, वर काय करता? म्हटलं, आभाळाची राखण." आणि ते हसले. खूप हसले. तोच विनोद, तेच थांबणं, फक्त "राखण" म्हणताना जीभ थोडी घसरली.

मी सरांकडे बघितलं. सर पडद्यावरचा ठिपका मोठा करून बघत होते.

"काका, डोकं दुखतंय का?"

"थोडं धरलंय. चहा कमी पडला. बाकी झकास."

"खिडकी उघडता का जरा?"

"उघडली तर गोठून जाईन की."

"काका, बुखारीचं धुराडं बघितलंत का आज? बर्फ पडलाय ना."

"धुराडं..." बराच वेळ गेला. "धुराडं झकास."

"काका, ऐका. उठा आणि दार उघडून बाहेर उभे राहा. दोन मिनिटं."

"बाहेर उभं. जातो." खुर्ची करकरल्याचा आवाज नाही. दाराचा नाही. वाऱ्याचा नाही. "गेलो."

मी पडद्यावरच्या त्या कॅलेंडरकडे बघितलं.

"काका, खोलीतला कॅमेरा तुमच्याकडे वळवा."

"कॅमेरा माझ्याकडे." एकदम मोकळा, खुशीतला आवाज. आणि मग, "झालं."

पडद्यावर कॅलेंडर तसंच होतं. टोपी तशीच.

"सर," मी म्हणाले, "वाकळेकाका 'झालं' म्हणाले आणि झालेलं नाही."

सरांनी मान वर केली. "कॅमेरा अडकला असेल."

"खोलीत धूर कोंडलाय. बुखारीचा वायू. त्याला वास नसतो. माणूस दारू प्यायल्यासारखा होतो आणि मग झोपतो. मी जीप पाठवतेय."

"आत्ता? फ्रेम चालू आहे."

"माहितीय."

"वृंदा, तो बोलतोय. आवाज स्वच्छ आहे. उत्तरं देतोय. बारा वर्षं आहे तो तिथे, आपल्याहून जास्त कळतं त्याला. स्टँझिनला सांग, दिवे बंद ठेवून जा."

"ताजा बर्फ आहे. दोन वळणं, एका बाजूला दरी. दिव्याशिवाय गाडी चढणार नाही, आणि तो चालत गेला तर किती वेळ लागेल?"

"मग ही फ्रेम होऊ दे. किती राहिलीय, सहा-सात मिनिटं? ती झाली की पाठव. तुझाच निळा आहे हा! दुपारपासून भांडतेयस याच्यासाठी. अशी घटना परत कधी येईल कुणाला ठाऊक. मी निवृत्त झालेला असेन."

ते ओरडत नव्हते. विनवत होते. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे सगळ्यात वाईट. सहा-सात मिनिटं म्हणजे काय! एवढ्यात काय होतं!

"सर, शेवटची भाकरी उरकायची नाही."

"काय?"

मी गेस्ट हाउसचा फोन उचलला. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला, फोन दाबून. "आई झाल्यापासून तुला सगळीकडे श्वासच दिसायला लागलेत, वृंदा."

"हो, सर. दिसायला लागलेत." त्यांचा हात मी उचलून बाजूला ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांना मी पहिल्यांदाच हात लावला होता, तोही असा. "आणि बरं झालं."

स्टँझिननं फोन उचलला. "जी, मॅडम."

"स्टँझिन, गाडी निकालो. अभी ऊपर जाओ, वाकळेसाहब के पास. बत्ती जलाके."

तो त्या डोंगरावर वाढलेला माणूस. लहानपणापासून त्याला शिकवलेलं की अंधार पडल्यावर वर दिवा न्यायचा नाही. "बत्ती... जलाके?"

"जलाके. पूरी. जितनी जल्दी हो सके."

"केळुसकरसाहब को पता है?"

मी सरांकडे बघितलं. सर भिंतीकडे बघत होते.

"मैं बोल रही हूँ," मी म्हणाले. "मेरा नाम लेना."

वर आभाळ बघायला एक वेगळा गोल कॅमेरा आहे. त्याच्यावर आम्ही दोघं बघत राहिलो. काळ्या बशीच्या पश्चिमेच्या कडेला एक पिवळा डाग उगवला. सरकत गेला. वळणावर विझला, परत लागला, मोठा झाला, आणि तो जिथे आमची दीर्घिका होती तिथपर्यंत पसरला. मी सारखी बोलत होते. "काका, जामखेडला आता काय पीक असतं? काका, लेकीचं नाव काय तुमच्या? काका, बोला." आधी उत्तरं येत होती. मग नुसता हुंकार. मग हुंकारही लांब लांब.

फ्रेम आली. कोऱ्या कागदासारखी पांढरी.

"छान दिवे लावलेस," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

मग हेडफोनमध्ये दार धडाडलं, वारा घुसला आणि कुणीतरी खोकलं.

"मॅडम." स्टँझिन होता. "मॅडम, साहब हँस रहा है. हँस रहा है, लेकिन उठ नहीं रहा."

"कॅमेरा घुमाओ, स्टँझिन. साहब की तरफ."

पडद्यावरचं कॅलेंडर हललं, टोपी सरकून गेली, छत आलं, आणि मग वाकळेकाका. खुर्चीत वाकडे झालेले. मान खांद्यावर. हात मांडीवर उताणे. ओठ हसरे आणि डोळे कुठेतरी तिसरीकडे. हा माणूस अर्धा तास माझ्याशी खुशीत बोलत होता.

दार उघडलं. आई आत आली, रेवाला घेऊन. दार बंद राहायचं ठरलं होतं, पण माझा आवाज बाहेर गेला असणार. तिनं पडद्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे नाही.

"अहो, त्याला आधी बाहेर वाऱ्यावर घ्या म्हणावं," ती म्हणाली. "विचारत काय बसलाय!"

सरांनी माझ्यासमोरचा माइक ओढला. "स्टँझिन, बाहर निकालो! पहले बाहर! बगल में हाथ डालके खींचो. बाहर सिलिंडर है ऑक्सिजन का, लाल पेटी में. खींचो!" त्यांचा आवाज चिरकला. स्टँझिननं काकांना खुर्चीसकट ओढलं. खुर्ची उंबऱ्याला अडली, तेव्हा खुर्ची सोडून नुसत्या माणसाला. पडदा परत रिकामा झाला. उघड्या दारातून बर्फाचे कण आत येत होते, तेवढं दिसत होतं.

आम्ही तिघं उभे होतो. रेवाला भूक लागली होती. ती माझ्याकडे झेपावली. मी तिथेच खुर्चीत बसून तिला पाजायला घेतलं, ओढणी पांघरून, सरांच्या देखत, त्या बंदी असलेल्या खोलीत. घुमट मिटायची आज्ञा मी डाव्या हातानं दिली. दीर्घिका तोवर डोंगराआड गेली होती.

बऱ्याच वेळानं दुसरा आवाज आला. खोकला, ओकारी, परत खोकला. मग अगदी बारीक, वैतागलेला: "मला का बाहेर काढलं? गोठलो की."

सर खुर्चीत बसले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

धुराड्याचं तोंड बर्फानं बुजलेलं निघालं. लेहच्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून थोडा वेळ गेला असता तर बोलायला माणूस नसता. किती थोडा, ते मी विचारलं नाही. मला तो आकडा नको होता.

संस्थेनं मात्र विचारलं. पुढच्या आठवड्यात माझ्याकडून लेखी खुलासा मागवला: निरीक्षण चालू असताना डोंगरावर हेडलाइट लावून गाडी नेण्याची परवानगी कुणी दिली? लोकांनी सल्ले दिले. गडबडीत घडलं असं लिही, नियम नीट माहीत नव्हता असं लिही, नुकतीच बाळंत झालीय, समजून घेतील. ते शेवटचं ऐकून माझं डोकं फिरलं. मी एकच वाक्य लिहिलं. 'दिवे मीच लावायला सांगितले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन.' निनाद, माझा नवरा, सुट्टीवर आला होता, त्यानं वाचून विचारलं, "दुसरा अर्धा भाग गाळला तर?" मी म्हणाले, "मग पहिला कशाला लिहायचा?" सही केली आणि दिलं. त्यावर कुणी उत्तर पाठवलं नाही. वर्षभर मला दुर्बिणीचा वेळही मिळाला नाही. त्याचंही कारण कुणी लिहून दिलं नाही.

आमच्या हातात राहिली ती निळ्याची एक फ्रेम. तीन हव्या होत्या. एका फ्रेमवरून जे सांगता येत होतं ते मी सांगितलं: निळा फिका आहे, ती जोडी मान वळवून असावी, आपण धरलं त्याहून जवळ असावी. 'असावी' हा शब्द पेपरात फार वेळा आला, म्हणून एका परीक्षकानं टोमणाही मारला. काही महिन्यांनी परदेशातल्या रेडिओ दुर्बिणींनी त्या जागेवरून निघालेला झोत मोजला. त्याच्या कलावरून मान वळलेलीच निघाली. समोरून धरून जो आकडा सर छापणार होते, तो चुकला असता.

पण आमचा आकडाही धड नव्हता. आलेखावर प्रत्येक मोजमापाचा एक ठिपका असतो, आणि त्या मोजमापात किती अनिश्चितता आहे ते दाखवायला त्या ठिपक्यातून वर-खाली जाणारी एक उभी रेघ. मोजमाप जितकं पक्कं तितकी रेघ आखूड. आमची रेघ सगळ्यात लांब आहे. इतकी लांब की भांडणाऱ्या दोन्ही गटांचे आकडे तिच्यात बसतात, आणि दोन्ही गट म्हणतात, बघा, हे आमच्या बाजूचं. आणखी दोन फ्रेम मिळाल्या असत्या तर कदाचित तिनं एकाला खोटं पाडलं असतं. विश्व किती वेगानं पसरतंय याचं उत्तर कदाचित तेव्हाच मिळालं असतं. हे मला पक्कं माहीत आहे, आणि मी ते कधी लपवलं नाही.

परिषदांमध्ये तरुण पोरं तो आलेख दाखवून विचारतात, "मॅडम, तुमचीच रेघ एवढी लांब का?"

मी सांगते, "तिच्यात एक माणूस आहे. आखूड केली तर मावत नाही."

त्यांना वाटतं मी विनोद केला.

केळुसकर सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनीही तो आलेख पडद्यावर टाकला, आमच्या रेघेवर काठी टेकवली, आणि एवढंच म्हणाले, "याबद्दल वृंदाला विचारा. मी त्या वेळी भिंतीकडे बघत होतो." मग पुढची स्लाइड लावली.

आता सहा वर्षं झाली. रेवा पहिलीत आहे. मी वर्षभरासाठी देशाबाहेरच्या एका दुर्बिणीवर आले आहे. रेवाला बरोबर आणलंय आणि आईलाही. कंट्रोल रूममध्ये बाळ चालत नाही, असं इथे अजून कुणी मला म्हणालेलं नाही. म्हणून बघावं.

वाकळेकाका गेल्या वर्षी निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या बायको दिवाळीनंतर वारल्या. लेक सुरतेला असते. मी दर रविवारी फोन करते. ते उचलतात. "वृंदाताई! झकास आहे. रेवा काय म्हणते?" आवाज स्वच्छ असतो. जेवलात का विचारलं तर "झालं" म्हणतात. औषध घेतलं का विचारलं तर "झालं". मागच्या दोन रविवारी त्यांनी मला जावयाचा तोच विनोद सांगितला. आभाळाची राखणवाला. दोन्ही वेळा तो पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा.

मी लेकीला कळवलंय. ती म्हणाली, बाबांशी रोज बोलते, आवाज एकदम छान असतो.

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी जामखेडकडचं असेल, किंवा त्या बाजूनं जाणार असेल, तर एक काम करा. एसटी स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून हिरव्या दाराचं घर आहे. सुदाम वाकळे म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. आधी फोन करू नका. बाहेरून हाक मारून "कसं काय, काका" म्हणून पुढे जाऊ नका, ते झकासच म्हणतील. आत जा. दिवा लावायला सांगा. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघा आणि मला कळवा.